डांबरावर मला कशाला जुंपता?

मित्रांनो, मी जुनी आहे, तेलकट आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. तेव्हा गोड बोलून मी तुम्हाला माझी कहाणी सांगेन अशी आशा धरू नका. सांगणार आहे, पण जरा आवाज चढवून सांगणार आहे.

मी एका फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपची ट्रान्सफर केस. बघा, आठ्या पडल्याच ना कपाळावर? इंजिन सगळ्यांना ठाऊक असतं, टायर ठाऊक असतात, एवढंच काय, आरशाला लटकणारं ते प्लास्टिकचं माकडसुद्धा मुलांना नावानिशी ठाऊक असतं. मला मात्र कुणी ओळखत नाही. मी गाडीच्या पोटाखाली, गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून राहते. मला पाहायचं तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं, आणि इस्त्रीचे कपडे घालणारी माणसं तसल्या फंदात पडत नाहीत.

माझं काम एकदा नीट ऐकून घ्या, म्हणजे माझा राग कळेल. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून माझ्याकडे येते. माझ्यापासून दोन लांब दांडे निघतात, एक मागच्या चाकांकडे आणि एक पुढच्या चाकांकडे. एरवी मी सगळी ताकद मागे पाठवते. मोठ्या गिअरच्या शेजारी माझा एक बुटका लिव्हर असतो. तो 'टू एच'वरून 'फोर एच'वर ओढला की माझ्या पोटातली साखळी पुढचा दांडाही फिरवू लागते आणि चारही चाकं कामाला लागतात. गाडी थांबवून 'फोर एल'वर टाकला तर चाकं अगदी हळू फिरतात, पण जोर कितीतरी वाढतो. वाळू, खडी, चिखल, सुट्या दगडांचा चढ, अशा ठिकाणी मी आहे म्हणून गाडी आहे.

पण कोरड्या डांबरावर माझं हे काम लावायचं नसतं. का, तेही सांगते. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठा फेरा घेतात आणि मागची आतून लहान फेरा घेतात. म्हणजे पुढच्यांना जास्त फिरावं लागतं. मी तर दोन्ही दांडे एकत्र बांधून सारखेच फिरवत असते. खडीवर एखादं चाक जरासं घसरतं आणि फरक मिटून जातो. डांबर चाकाला घसरू देत नाही. मग ती सगळी ओढाताण माझ्या पोटात साठत जाते, साखळी ताणली जाते, लिव्हर आवळला जातो. नव्या भारी गाड्यांत यासाठी निराळी सोय असते म्हणे. असेल. माझ्यात ती नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

जपानमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून जहाजातून मस्कतला आले आणि लगेचच निझवाच्या पलीकडे, खजुराच्या बागा असलेल्या हमझा नावाच्या शेतकऱ्याकडे गेले. ते माझे सुखाचे दिवस. बकऱ्या, चाऱ्याचे भारे, खजुराच्या करंड्या, पाण्याची टाकी, कधी शेजाऱ्याची आजारी आई, असं सगळं मी वादीतल्या, म्हणजे कोरड्या नदीपात्रातल्या, गोट्यांवरून वाहून नेलं. हमझा फार शिकलेला नव्हता आणि फार प्रेमळही नव्हता. लिव्हर अडला की तो मला अरबीत शिव्या द्यायचा. पण डांबर लागलं की त्याचा हात आपोआप माझ्या लिव्हरवर यायचा आणि मला मोकळं करायचा. शिव्या देणारा पण वेळेवर सोडणारा मालक मला कधीही चालेल.

हमझाचे गुडघे गेले, मुलांनी लिव्हरऐवजी बटण असलेली गाडी घेतली आणि माझी पिकअप विकायला निघाली. घ्यायला आला निशांत. मूळचा पुण्याचा, मस्कतमध्ये एका विमा कंपनीत चांगल्या नोकरीला, राहायला शहराबाहेरच्या माबेला वस्तीत. हमझाने त्याला लिव्हर दाखवून, त्याला समजेल अशा हिंदीत सांगितलं, "रस्ता काला, दो चक्का. रस्ता सफेद, चार चक्का. खलास." एवढं सोपं शास्त्र! आणि हे ऐकताना निशांत काय करत होता? गाडीसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढत होता. तिथेच मला पुढचे दिवस दिसायला लागले होते.

गाडी खरं तर हवी होती त्याच्या बायकोला, वल्लरीला. पुण्यात ती बँकेत होती. इथे आल्यावर घर, मुलगी आणि माबेलाची लांबच लांब दुपार एवढंच तिच्या वाट्याला उरलं. गेल्या वर्षी मैत्रिणीच्या गाडीतून ती जबल अखदरच्या डोंगरावर गेली आणि तिथल्या गुलाबांच्या वासाने खुळावली. अदीबा नावाच्या बाईंकडून पिशवीभर फुलं आणून तिने गच्चीवर उन्हात गुलकंद घातला. मस्कतमध्ये सीबपासून रुवीपर्यंतच्या मराठी घरांत तो असा काही संपला की यंदासाठी लोक आधीच बरण्या सांगून बसले. अदीबाने यंदा फुलं द्यायचं कबूल केलं, मात्र एक अट घातली. फुलं पहाटे तोडली जातात. वल्लरी सकाळच्या सकाळी पोचली नाही, तर सगळी फुलं गुलाबपाण्याच्या भट्टीत जाणार. डोंगरावर पोलीस फक्त फोर-व्हील गाडी सोडतात, आणि अदीबाच्या घराचा शेवटचा चढ तर निव्वळ सुट्या खडीचा. म्हणून मी.

दसऱ्याला माझ्या गाडीची पूजा झाली. इंजिनाला हळदकुंकू, स्टिअरिंगला हार, चाकांखाली लिंबं. स्टेपनीवर अक्षता पडल्या! मी खाली टांगलेलीच. जाऊ द्या, बोलले तर मीच हलक्या मनाची ठरेन.

थंडीत आम्ही पहिल्यांदा डोंगरावर निघालो. सगळा रस्ता गुळगुळीत डांबराचा. पायथ्याशी चौकीवर पोलिसाने विचारलं, "फोर-व्हील?" निशांत म्हणाला, "येस सर!" आणि इतक्या रुबाबात माझा लिव्हर 'फोर एच'वर ओढला की मला वाटलं, आता हा सलामही ठोकणार.

"अरे, आत्तापासून कशाला लावतोस?" वल्लरीने विचारलं. "रस्ता तर छान आहे की."

"नियम आहे गं," निशांत म्हणाला. "फोर-व्हीलशिवाय वर जायचं नाही. म्हणून तर चौकी ठेवलीय."

मित्रांनो, मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते. अहो, पोलिसाने गाडीला काय आहे ते विचारलं. ते लावून ठेवा असं तो कधी म्हणाला? पण निशांत एकटाच असा नाही. माबेलातल्या त्याच्या मित्रमंडळींत निम्मे जण हाच नियम छातीठोकपणे सांगतात. एकाने दुसऱ्याला सांगितला, दुसऱ्याने वॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि नियम तयार झाला.

मग सुरू झाली वळणं. एक वळण, दुसरं वळण, आखडलेलं वळण. पुढची चाकं म्हणतात आम्हाला पुढे जाऊ दे, मागची म्हणतात आम्ही एवढंच येणार, आणि मधे मी! साखळी ताठली, टायर कण्हू लागले, स्टिअरिंग जड झालं. मागच्या सीटवर त्यांची मुलगी अंतरा कानातलं गाणं काढून ऐकू लागली.

"बाबा, गाडी... क्राय करतेय," ती म्हणाली. तिचं मराठी अडखळतं, पण कान तिखट.

"क्राय नाही बेटा, पॉवर आहे ती!"

पॉवर म्हणे!

खाली परत आल्यावर लिव्हर हलेना. निशांतने एका हाताने ओढला, मग दोन्ही हातांनी, मग पाय डॅशबोर्डला लावून ओढला. मी आवळून गेले होते, सुटणार कशी? शेवटी "राहू दे, लावलेलं असलं तर सेफच" असं म्हणून त्याने गाडी तशीच घरी आणली. आणि नंतर तशीच ऑफिसला नेली. माबेला ते रुवी, रोज, चारही चाकं बांधलेली. सरळ रस्त्यावर कशीबशी निभावत होते, पण प्रत्येक राउंडअबाउटला गाडी लंगडल्यासारखी उड्या मारायची. पुढचे टायर कडेने झिजले, पेट्रोल उडू लागलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये तो लिव्हरला एक झटका देऊन बघायचा, हलला नाही की मलाच शिवी. गाडी उलटी घ्यायचा ती जेमतेम तिच्या लांबीइतकी, की लगेच पुढे वळायचा. अजून थोडं मागे गेला असता ना, तर ही कहाणी इथेच संपली असती.

रोग कुठे आहे हे सोडून सगळ्यांनी सगळं सांगितलं. एकाने बेअरिंग सांगितलं, एकाने पेट्रोलमध्ये भेसळ, एकाने सीट कव्हर बदल म्हणून सांगितलं. ते का, ते त्यालाच ठाऊक. शेवटी निशांत सनायातल्या, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीतल्या, शरीफच्या गॅरेजमध्ये गेला. शरीफ मेकॅनिक वाईट नाही, पण त्याच्या दारात एका वेळी इतक्या गाड्या की कुणाच्या खाली शिरायला त्याला उसंत नसते. त्याने लिव्हर हलवून पाहिला, चौकात एक चक्कर मारली आणि निकाल दिला.

"निशांतभाई, ट्रान्सफर खलास. स्क्रॅप में दे दो. आगे का शाफ्ट निकालके टू-व्हील बना देता हूँ, टेन्शन खतम. फोर-व्हील चाहिए तो कहीं से दूसरा ट्रान्सफर देखता हूँ, मिला तो फोन करूंगा. जुम्मे के बाद लेके आओ."

शब्द ऐकलेत ना? खलास. इतकी वर्षं दगडधोंड्यांतून बकऱ्या वाहिल्या, एक दात तुटला नाही माझा, आणि चौकातल्या एका चकरेत मी खलास! मला भीती वाटली, मित्रांनो. राग तर आलाच, पण भीती जास्त वाटली. सनायाच्या मागे मोडीचा ढीग आहे. तिथे माझ्यासारख्या कितीतरी जणी उन्हात पडल्या आहेत, आणि त्यातल्या सगळ्याच काही मोडलेल्या नसणार.

त्या संध्याकाळी निशांत आणि वल्लरी गाडीतच भांडले. अंतरा वर अभ्यास करत होती म्हणून.

"टू-व्हील केली तर मी अदीबाचा चढ कसा चढू?" वल्लरी म्हणाली. "फुलं पुढच्या आठवड्यात सुरू होतायत."

"अगं, मग यंदा सोड ना. एवढ्याशा गुलकंदासाठी काय हत्ती पाळायचा? चांगली सेडान घेऊ, एसी मस्त..."

"एवढासा?"

"म्हणजे तसं नाही..."

"तसंच म्हणालास तू. इथे आल्यापासून माझं स्वतःचं म्हणावं असं हे एकच आहे, निशांत. तू सकाळी जातोस, अंतरा जाते. मी दिवसभर काय करते असं कधी विचारलंस? आता विचारतोस, तर सोड म्हणतोस."

वल्लरीने रडू आवरलं नाही, खुशाल रडली. माझ्या डोक्यावरच बसली होती, मला सगळं कळत होतं. गाडीने आवाज केला तर ती मोडली, बायकोने आवाज केला तर तिचा उद्योगच बंद करा. या माणसाकडे सगळ्या दुखण्यांवर काढून टाकणे हा एकच उपाय होता.

शुक्रवारी सकाळी वल्लरी अंतराला डान्स क्लासला सोडायला पिकअप घेऊन निघाली. आमची गल्ली अरुंद आणि वाकडी. समोर पाण्याचा टँकर आडवा उभा, ड्रायव्हर हात हलवत "मॅडम, पीछे, पीछे" करतोय. वल्लरी वैतागली, पण काय करणार! तिने आरशात बघत सगळी वाकडी गल्ली उलटी पार केली, थेट कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आणि मित्रांनो, पुढे जाताना पुढच्या चाकांनी जे जास्तीचं फिरून घेतलं होतं, ते उलट्या वळणांवर एकेक करून सुटत गेलं. माझ्या पोटात खाडकन आवाज झाला आणि सगळा पीळ उतरला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"आई, व्हॉट वॉज दॅट?"

"तुटलं वाटतं काहीतरी," वल्लरी घाबरून म्हणाली. तिने स्टिअरिंग हलवलं. हलकं. लिव्हरला हात लावला. तो लोण्यातून सुरी जावी तसा 'टू एच'वर आला.

दुसरं कुणी असतं तर सुटलो एकदाचे म्हणून निघून गेलं असतं. वल्लरी हलली नाही. "उलटं गेल्यावर का सुटलं?" ती स्वतःशीच म्हणाली. डान्स क्लास राहिला बाजूला. दोघी एका मोकळ्या पार्किंगमध्ये गेल्या आणि तिने मुद्दाम 'फोर एच' लावून डांबरावर गोल गोल चकरा मारल्या. माझा जीव कासावीस झाला, पण तिला समजून घ्यायचं होतं म्हणून मी सोसलं. लिव्हर अडला. तशाच गोल गोल उलट्या चकरा मारल्या, सुटला. मग शेजारच्या खडीच्या प्लॉटवर नेऊन तेच केलं. लिव्हर अडलाच नाही.

"पिळलेला टॉवेल आहे हा," वल्लरी म्हणाली. "रोडवर आपण पिळत जातो. खडीवर तो आपला आपण सुटतो."

"म्हणजे शी इज नॉट ब्रोकन?"

"नाही गं. बाबा तिला चुकीच्या जागी राबवतोय."

राबवतोय! हाच तो शब्द. इतक्या महिन्यांत माझ्यासाठी कुणीतरी योग्य शब्द वापरला होता.

निशांतला पटवायला सबंध दुपार गेली. "मग पोलीस विचारतो ते?" हे त्याचं शेवटचं शस्त्र होतं.

"पोलीस गाडीला आहे का ते विचारतो," वल्लरी म्हणाली, "लावलंय का ते नाही."

शेवटी तो शरीफकडे जायचं पुढे ढकलू म्हणाला. पुढे ढकलू, रद्द करू नव्हे! एकदा फुलं आणून बघू, नाही जमलं तर पुढचं पुढे. म्हणजे माझा आणि वल्लरीचा निकाल आता एकाच चढावर लागणार होता.

फुलं सुरू झाली त्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. चौकीवर निशांतने फोर-व्हील आहे म्हणून सांगितलं आणि माझ्या लिव्हरला बोटही लावलं नाही. डांबरावर मी मजेत होते. वर पोचेपर्यंत ऊन आलं होतं आणि अदीबाचा निरोप आला होता की भट्टी पेटवली आहे, या लवकर. समोर तो खडीचा चढ. आता हा लिव्हर ओढेल म्हणून मी तयार होऊन बसले, आणि निशांत 'टू एच'मध्येच सुसाट चढायला लागला!

"अरे, लाव ना आता!"

"तूच म्हणालीस ना लावू नको म्हणून?"

सांगा, मित्रांनो, अशा माणसाचं काय करायचं? लावायचं नाही तिथे महिनोन्महिने लावून ठेवलं, आणि लावायचं तिथे हात मांडीवर. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, खडी उडाली, गाडी कडेच्या बाजूला आडवी सरकली. खाली दरी नसली तरी गुलाबाच्या पायऱ्यांची शेतं होती. अंतरा किंचाळली. निशांतने ब्रेक दाबून धरला.

"नाही जमत गं," तो म्हणाला. "परत जाऊ. फुलं राहू देत."

"उतर," वल्लरी म्हणाली.

"अगं पण..."

"निशांत, उतर. अंतरा, तू पण उतर आणि बाजूला उभी राहा."

ती स्टिअरिंगवर बसली. घाई केली नाही. क्लच दाबला, माझा लिव्हर 'फोर एल'वर टाकला आणि पहिल्या गिअरमध्ये पाय अलगद उचलला. ताकद माझ्यात आली. मी ती पुढे दिली, मागे दिली. पुढच्या चाकांनी खडीत नखं रोवली. आम्ही चढलो, मित्रांनो. धावत नाही, माणसाच्या चालीने, पण एकदाही न थांबता थेट अदीबाच्या अंगणात. भट्टीतून धूर निघत होता. फुलांचे भारे अजून ओसरीवर होते.

मागून धापा टाकत बापलेक चालत आले. तेवढ्यात निशांतचा फोन वाजला. शरीफ होता. त्याला कुठूनतरी चांगला ट्रान्सफर मिळाला होता, कधी येताय म्हणून विचारत होता. निशांतने फुलांच्या भाऱ्यात कोपरापर्यंत हात घातलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं.

"नहीं चाहिए, शरीफभाई," तो म्हणाला. "ट्रान्सफर ठीक था. ड्रायव्हर खराब था. वो बदल दिया."

"ड्रायव्हर बदला? कौन है?"

"मेरी वाइफ."

वल्लरीने वर पाहिलं. हसली नाही, पण पुढचा भारा उचलून तिने त्याच्या हातात दिला आणि तो त्याने मुकाट्याने गाडीत नेऊन ठेवला. उतरताना तिने मला 'फोर एल'मध्येच ठेवलं, डांबर लागताच थांबून 'टू एच'वर आणलं. पुढच्या पंधरवड्यात आम्ही पुन्हा पुन्हा वर गेलो. गच्चीवर बरण्यांची रांग लागली.

आता तुम्हाला वाटेल, म्हातारी शांत झाली. मुळीच नाही! माझ्या पोटातलं तेल अजून हमझाच्या वेळचं आहे, काळं ढुस्स. ते बदलायचं असतं हे या घरात कुणाच्या गावीही नाही. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर एकदा गाडीखाली वाका आणि तिचं तेल बघा. आणि कुणी कण्हायला लागलं तर ते मोडलं असं ठरवून लगेच मोडीत काढू नका. आधी बघा, आपण त्याला चालवतोय कुठे.